टीबीच्या जंतूची ढाल, आणि तीच ढाल वापरून त्याला मारणारं औषध: काय आहे कॅट-जी एन्झाइम?

अँटिऑक्सिडंट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ग्रीन टी, आवळा, बेरी किंवा चेहऱ्याला लावायचं सीरम. पण अँटिऑक्सिडंटची गरज फक्त माणसाला असते असं नाही. आपल्याला आजारी पाडणाऱ्या जंतूंनाही ती असते. आणि काही जंतूंकडे ही सोय आपल्या कल्पनेपेक्षा खूप पक्की असते.

क्षयरोगाचा म्हणजे टीबीचा जंतू हे त्याचं उत्तम उदाहरण. 'मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस' नावाच्या या जिवाणूकडे 'कॅट-जी' नावाचं एक एन्झाइम आहे. शरीराने केलेल्या रासायनिक हल्ल्यातून ते जंतूला वाचवतं. गंमत म्हणजे टीबीवरच्या सर्वांत जुन्या आणि महत्त्वाच्या औषधांपैकी एक, आयसोनियाझिड, याच एन्झाइमच्या मदतीने जंतूला मारतं. एन्झाइम नसेल तर औषध निकामी.

जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे या एका एन्झाइमच्या रचनेत झालेला लहानसा बदलही आपल्याकडच्या हजारो लोकांच्या उपचारांवर परिणाम करतो. तो कसा, हे समजून घेऊ.

आधी शत्रू ओळखू: हायड्रोजन पेरॉक्साइड

मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर टाकलं की पांढरा फेस येतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. हा फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. आपल्या रक्तात आणि पेशींमध्ये 'कॅटलेज' नावाचं एन्झाइम असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे तुकडे करून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन बनवतं.

हे तुकडे करण्याची गरज का पडते? कारण हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीसाठी विष आहे. पेशीत मोकळं लोह असेल तर त्याच्याशी संयोग होऊन 'हायड्रॉक्सिल रॅडिकल' नावाचा अतिशय आक्रमक रेणू तयार होतो. समोर येईल त्यावर तो तुटून पडतो. डीएनए, प्रथिनं, पेशीचं आवरण, काहीच सुटत नाही. लोखंडाला गंज चढतो त्याच कुळातली ही प्रक्रिया आहे, फक्त इथे ती क्षणार्धात आणि जिवंत पेशीच्या आत घडते.

या विषाचा वापर आपलं शरीर हत्यार म्हणून करतं. टीबीचा जंतू श्वासातून फुफ्फुसात गेला की 'मॅक्रोफेज' नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. गिळल्यावर या पेशी त्याच्यावर सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात. बहुतेक जंतू या माऱ्यात मरतात.

टीबीचा जंतू मात्र इथेच तग धरतो. उलट ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्याच पोटात तो मुक्काम ठोकतो. त्याला हे जमतं त्यामागे अनेक कारणं आहेत. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे कॅट-जी.

कॅट-जी म्हणजे नक्की काय?

कॅट-जी हे 'कॅटलेज-पेरॉक्सिडेज' प्रकारचं एन्झाइम आहे. म्हणजे एकाच प्रथिनात दोन कामं.

पहिलं काम कॅटलेजचं: हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन रेणू घेऊन त्यांपासून पाण्याचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू बनवायचा.

दुसरं काम पेरॉक्सिडेजचं: पेरॉक्साइडची ताकद वापरून दुसऱ्याच एखाद्या रेणूमधला इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा.

माणसाकडेही कॅटलेज आहे, पण त्याची रचना वेगळी आहे. कॅट-जी प्रकारचं एन्झाइम माणसात नसतं. ते प्रामुख्याने जिवाणूंमध्ये, काही आर्किया प्रकारच्या सूक्ष्मजीवांमध्ये आणि काही बुरशींमध्ये आढळतं.

हे एन्झाइम जंतूसाठी किती मोलाचं आहे, हे उंदरांवरच्या प्रयोगातून दिसलं. कॅट-जी काढून टाकलेले टीबीचे जंतू साध्या उंदरांमध्ये कमजोर पडतात. पण ज्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइडचा मारा करूच शकत नाहीत, त्यांच्यात हेच जंतू पुन्हा जोमाने वाढतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कॅट-जीचं शरीरातलं मुख्य काम म्हणजे पांढऱ्या पेशींचा हा मारा परतवणं. समोरून मारा नसेल, तर ढाल नसली तरी चालतं.

एन्झाइमचा 'फोटो' कसा काढतात?

एन्झाइम कसं काम करतं हे कळायला त्याचा आकार कळावा लागतो. पण एन्झाइम साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, कारण ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही खूप लहान असतं. म्हणून शास्त्रज्ञ क्ष-किरण वापरतात.

पद्धत साधारण अशी:

* आधी ते एन्झाइम मोठ्या प्रमाणात तयार करून शुद्ध करतात. यासाठी बहुतेक वेळा त्याचा जीन 'ई. कोलाय' या निरुपद्रवी प्रयोगशाळेतल्या जिवाणूत टाकतात.
* मग त्या द्रावणातून एन्झाइमचे स्फटिक तयार होऊ देतात. साखरेच्या पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात, तत्त्व तेच. पण प्रथिनाचे स्फटिक अतिशय नाजूक असतात. ते जमायला काही दिवस, कधी काही महिने लागतात.
* स्फटिकात एन्झाइमचे अब्जावधी रेणू एकाच शिस्तीत, एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात. त्यावर क्ष-किरण सोडले की ते विशिष्ट दिशांना विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी मिळते.
* या ठिपक्यांवरून गणिताने इलेक्ट्रॉनचा त्रिमितीय नकाशा काढतात आणि त्यात एकेक अणू बसवतात.

या गटातली पहिली रचना २००२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उलगडली. ती टीबीच्या जंतूची नव्हती, तर मृत समुद्रात सापडणाऱ्या 'हॅलोआर्क्युला मॅरिसमॉर्टुई' या खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवाची होती. २००३ मध्ये मेलिऑइडोसिस या आजाराच्या जिवाणूतल्या कॅट-जीची रचना आली. आणि २००४ मध्ये खुद्द टीबीच्या जंतूतल्या कॅट-जीची.

टीबीच्या कॅट-जीची ही रचना २.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने मिळाली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

आत काय दिसलं?

टीबीचं कॅट-जी ७४० अमिनो आम्लांची एक लांब साखळी आहे. ती घडी घालून गोळा झालेली असते. असे दोन सारखे गोळे एकमेकांना चिकटून एक जोडी तयार होते. एकट्याने नाही, ते जोडीनेच काम करतं.

प्रत्येक गोळ्याचे पुन्हा दोन भाग आहेत. दोन्हींची ठेवण एकमेकांसारखी आहे. फार पूर्वी, उत्क्रांतीच्या काळात, एकाच जीनची प्रत निघून ती मूळ जीनला जोडली गेली असावी असं यावरून मानलं जातं. आज मात्र खरं काम एकाच भागात होतं. दुसरा भाग रचनेला आधार देतो. तो काढून टाकला तर काम करणारा भागही नीट चालत नाही.

काम करणाऱ्या भागाच्या पोटात 'हीम' बसलेलं असतं. हीम म्हणजे मधोमध लोहाचा अणू असलेली चकती. आपल्या हिमोग्लोबिनमध्येही हीच चकती असते. हिमोग्लोबिन तिच्यावर ऑक्सिजन वाहून नेतं, कॅट-जी तिच्यावर पेरॉक्साइड फोडतं. साहित्य एकच, भोवतालची मांडणी बदलली की काम बदलतं.

लोहाच्या खालच्या बाजूला क्रमांक २७० चं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल त्याला धरून ठेवतं. वरच्या बाजूला १०४ क्रमांकाचं आर्जिनीन, १०७ क्रमांकाचं ट्रिप्टोफॅन आणि १०८ क्रमांकाचं हिस्टिडीन असतं. पेरॉक्साइडचा रेणू याच जागेत येऊन बसतो.

पण तो येतो कुठून? हीम एन्झाइमच्या खूप आत आहे. बाहेरून तिथपर्यंत एक अरुंद बोळ जातो. या बोळाची रुंदी पुढच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाची आहे, ती लक्षात ठेवा.

तीन अमिनो आम्लांचं विचित्र बंधन

रचना पाहताना शास्त्रज्ञांना आणखी एक आश्चर्य दिसलं. १०७ वं ट्रिप्टोफॅन, २२९ वं टायरोसीन आणि २५५ वं मेथिओनीन ही तीन अमिनो आम्लं साखळीत एकमेकांपासून दूर आहेत. घडी पडल्यावर ती जवळ येतात, इथपर्यंत ठीक. पण इलेक्ट्रॉनच्या नकाशात ती नुसती जवळ नव्हती, तर थेट रासायनिक बंधांनी एकमेकांना जोडलेली होती.

असं तिघांचं बंधन इतर प्रथिनांमध्ये दिसत नाही. ही कॅट-जी गटाची ओळखच आहे. पेशी हे एन्झाइम बनवते तेव्हा हे बंध नसतात. हीम बसल्यावर पेरॉक्साइडशी संपर्क आला की एन्झाइम स्वतःच ते जोडून घेतं.

या बंधाचा उपयोग काय? प्रयोगशाळेत यातलं टायरोसीन किंवा मेथिओनीन बदललं की पेरॉक्सिडेजचं काम सुरू राहतं, पण कॅटलेजचं काम जवळपास बंद पडतं. म्हणजे एकाच एन्झाइममध्ये दोन कामं बसवण्याची किल्ली या तिघांच्या जोडणीत आहे.

दोन टप्प्यांचं काम

पेरॉक्साइड फोडण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात पेरॉक्साइडचा एक रेणू बोळातून आत येतो आणि लोहापाशी पोहोचतो. लोह त्यातला एक ऑक्सिजन अणू स्वतःकडे ठेवून घेतं आणि उरलेल्याचं पाणी होऊन बाहेर पडतं. आता लोह 'भुकेल्या' अवस्थेत असतं. त्याला इलेक्ट्रॉन हवे असतात.

दुसऱ्या टप्प्यात दोन शक्यता असतात. पेरॉक्साइडचा दुसरा रेणू आला, तर त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन लोह मूळ स्थितीत येतं, पाणी आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हे झालं कॅटलेजचं काम. पण पेरॉक्साइडऐवजी दुसराच एखादा रेणू जवळ असेल, तर एन्झाइम त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढतं. हे झालं पेरॉक्सिडेजचं काम.

कॅटलेजचा हा फेरा सेकंदाला हजारो वेळा होऊ शकतो. त्यामुळे पांढऱ्या पेशीने कितीही पेरॉक्साइड ओतलं तरी त्यातलं बरंचसं पाणी होऊन जातं.

आणि नेमक्या या दुसऱ्या शक्यतेतून औषध आत शिरतं.

१९१२, १९५२, १९९२: एका औषधाची गोष्ट

आयसोनियाझिड पहिल्यांदा १९१२ मध्ये प्रागमध्ये तयार झालं. हान्स मेयर आणि योसेफ माली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते बनवलं. पण टीबीशी त्याचा काही संबंध आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढची ४० वर्षं ते तसंच पडून राहिलं.

१९५२ मध्ये त्याचा टीबीवरचा गुण समोर आला. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये ते रुग्णांना देण्यात आलं आणि परिणाम थक्क करणारा होता. औषध स्वस्त होतं, गोळीच्या रूपात घेता येत होतं. १९५० च्या दशकातच मद्रासमध्ये एक गाजलेला अभ्यास झाला. सॅनिटोरियममध्ये न ठेवता घरीच औषधं दिली तरी टीबीचे रुग्ण बरे होतात, हे त्यातून सिद्ध झालं. त्या औषधांमध्ये आयसोनियाझिड होतं. भारतासारख्या देशात घरी राहून टीबीचा उपचार घेणं शक्य झालं, त्यामागे हे औषध आहे.

पण औषध जंतूला मारतं कसं? १९५० च्या दशकातच डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या अनेक जंतूंमध्ये कॅटलेजचं काम बंद पडलेलं असायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तरी फेस येत नसे. कारण मात्र कळत नव्हतं.

त्याचं उत्तर आणखी ४० वर्षांनी, १९९२ मध्ये मिळालं. लंडन आणि पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की औषधाला न जुमानणाऱ्या काही जंतूंमधून कॅट-जीचा जीनच गायब झालेला आहे. आणि तो जीन प्रतिरोधी जंतूत परत टाकला की औषध पुन्हा लागू पडतं.

म्हणजे आयसोनियाझिडची गोळी स्वतः विषारी नाहीच. ती कच्चा माल आहे. जंतूच्या पेशीत गेल्यावर कॅट-जी तिच्यातून इलेक्ट्रॉन काढतं आणि तिचं एका आक्रमक रॅडिकलमध्ये रूपांतर करतं. हे रॅडिकल पेशीतल्या 'एनएडी' या रेणूला चिकटतं. तयार झालेला जोड 'इन्ह-ए' नावाच्या दुसऱ्या एन्झाइममध्ये जाऊन अडकतो. १९९८ मध्ये या अडकलेल्या जोडाचीही स्फटिक रचना मिळाली.

इन्ह-ए बंद पडलं की मायकोलिक आम्ल बनत नाही. मायकोलिक आम्ल म्हणजे टीबीच्या जंतूच्या मेणचट भिंतीचा मुख्य घटक. भिंत उभी राहिली नाही की वाढणारा जंतू मरतो.

एका अक्षराने काय बिघडतं?

जंतूपुढे आता पेच आहे. कॅट-जी ठेवलं तर औषध मारतं. टाकून दिलं तर शरीराच्या पांढऱ्या पेशी मारतात.

यातून त्याने काढलेली वाट म्हणजे क्रमांक ३१५. या जागी मूळचं अमिनो आम्ल सेरीन असतं. कॅट-जीच्या जीनमध्ये २,२२३ अक्षरं आहेत. त्यातलं एकच अक्षर बदललं, 'एजीसी'चं 'एसीसी' झालं, की सेरीनच्या जागी थ्रिओनीन येतं.

सेरीन आणि थ्रिओनीन यांच्यात फरक किती? एका हायड्रोजनच्या जागी एक मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. ७४० अमिनो आम्लांच्या प्रथिनात हा फरक नगण्य वाटेल. पण ३१५ ही जागा हीमकडे जाणाऱ्या बोळाच्या सर्वांत अरुंद ठिकाणी आहे. २००६ मध्ये या बदललेल्या एन्झाइमची स्फटिक रचना आली, तेव्हा दिसलं की बोळाची रुंदी तिथे सुमारे ६ अँगस्ट्रॉमवरून ४.७ अँगस्ट्रॉमवर आली आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू छोटा असतो. तो या अरुंद बोळातूनही आत जातो. आयसोनियाझिडचा रेणू मोठा, त्यात सहा अणूंचं कडं. तो अडतो. त्यामुळे ढाल बऱ्यापैकी काम करत राहते, पण औषध चालू होत नाही. उंदरांवरच्या प्रयोगातही हा बदल झालेले जंतू आपली रोग पसरवण्याची ताकद टिकवून असल्याचं दिसलं.

म्हणूनच हा बदल जगभर सर्वाधिक सापडतो. आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी साधारण दोन तृतीयांश जंतूंमध्ये ३१५ व्या जागी बदल असतो.

रुग्णासाठी याचा अर्थ काय?

टीबीच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. म्हणजे आयसोनियाझिड पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत असतं. जंतू त्याला दाद देत नसेल आणि ते कुणाला कळलंच नाही, तर उपचाराचा एक खांब सहा महिने पोकळच राहतो. त्यातून बाकीच्या औषधांनाही जंतू सरावण्याचा धोका वाढतो.

इथे चाचणीचा प्रश्न येतो. बेडक्याची झटपट जनुकीय तपासणी आता तालुका पातळीपर्यंत पोहोचली आहे. सीबीनॅट आणि गोव्यातल्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही त्यातली परिचित नावं. या नेहमीच्या चाचण्या दोन गोष्टी सांगतात: टीबी आहे का, आणि जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो का. आयसोनियाझिडबद्दल त्या सांगत नाहीत.

त्यासाठी 'लाइन प्रोब असे' नावाची वेगळी चाचणी करतात. तिच्यात एका पट्टीवर रेघा उमटतात. कॅट-जीच्या ३१५ व्या जागेसाठी त्यात खास रेघ असते, आणि इन्ह-ए जीनसाठी वेगळी. दोन्ही का पाहायच्या? कारण बदल फक्त इन्ह-ए जीनच्या सुरुवातीच्या भागात असेल तर प्रतिरोध सहसा सौम्य असतो आणि आयसोनियाझिडचा मोठा डोस काही वेळा उपयोगी पडतो. कॅट-जीमध्ये बदल असेल तर प्रतिरोध तीव्र असतो.

फक्त आयसोनियाझिडला प्रतिरोध सापडला तर घाबरून जाण्याचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये यासाठी वेगळी उपचारपद्धत सांगितली आहे. तिच्यात रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड यांच्या जोडीला लिव्होफ्लॉक्सासिन सहा महिने देतात. अट एकच, प्रतिरोध आहे हे वेळेत कळलं पाहिजे.

घरातल्या माणसांसाठीही ही माहिती महत्त्वाची आहे. रुग्णाच्या संपर्कातल्या लोकांना टीबी होऊ नये म्हणून दिलं जाणारं प्रतिबंधक औषध अनेकदा आयसोनियाझिडच असतं. रुग्णाच्या जंतूत ३१५ चा बदल असेल, तर घरच्यांसाठी दुसरा पर्याय निवडावा लागतो.

थोडक्यात सांगायचं तर

* कॅट-जी हे टीबीच्या जंतूचं अँटिऑक्सिडंट एन्झाइम आहे. ते पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं.
* तेच एन्झाइम आयसोनियाझिड या औषधाला 'चालू' करतं.
* ३१५ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललं की हीमकडे जाणारा बोळ अरुंद होतो. पेरॉक्साइड आत जातं, औषध अडतं.
* नेहमीच्या झटपट चाचणीत हा बदल दिसत नाही. त्यासाठी लाइन प्रोब असे करावी लागते.

टीबीचा उपचार सुरू असेल, तर 'माझ्या बेडक्याची आयसोनियाझिडसाठी तपासणी झाली आहे का?' हा प्रश्न डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना जरूर विचारावा. आणि बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. औषध अर्धवट सोडलं की असे बदल झालेल्या जंतूंना टिकून राहायला आणि वाढायला मोकळं रान मिळतं.